घरचा वेब सर्व्हर : उघडावे किती आणि सांभाळावे कसे?

संगणक आता घरोघरी पोहोचला आहे. नवा संगणक आला की जुना कोपऱ्यात पडून राहतो. मग घरातील एखादा मुलगा किंवा मुलगी म्हणते, "या जुन्या संगणकावर आपण स्वतःचे संकेतस्थळ चालवू या. भाडे नको, कोणाची परवानगी नको." कल्पना वाईट नाही. अशा उद्योगातून मुले जेवढे शिकतात तेवढे महागड्या शिकवणीतूनही शिकत नाहीत. परंतु घरातून संकेतस्थळ चालविणे म्हणजे घराचा एक दरवाजा साऱ्या जगासाठी रात्रंदिवस उघडा ठेवणे होय. हा दरवाजा कसा उघडावा, किती उघडावा आणि त्यावर लक्ष कसे ठेवावे, याची माहिती साध्या भाषेत द्यावी, हा या लेखाचा हेतू आहे. प्रस्तुत लेखक कला शाखेचा पदवीधर आणि बँकेतील लिपिक आहे, संगणकतज्ज्ञ नव्हे. तेव्हा जे लिपिकाला समजते ते कोणालाही समजावे, असा भरवसा वाटतो.

वेब सर्व्हर म्हणजे काय?

सर्व्हर म्हणजे फार मोठे यंत्र, असा एक समज आहे. वस्तुतः सर्व्हर हा एक प्रोग्राम आहे. कोणी पान मागितले की ते पान काढून द्यावयाचे, एवढेच त्याचे काम. टिम बर्नर्स-ली यांनी १९९० साली जिनिव्हाजवळील सर्न या संशोधन संस्थेत जगातला पहिला वेब सर्व्हर चालविला, तो टेबलावर मावणाऱ्या एका नेक्स्ट संगणकावर. कोणी चुकून बंद करू नये म्हणून त्या संगणकावर हाताने लिहिलेली सूचना चिकटविलेली होती. म्हणजे जगातला पहिला वेब सर्व्हरही साधा, टेबलावरचाच होता. आज अपाचे, एन्जिनेक्स, कॅडी असे वेब सर्व्हर विनामूल्य मिळतात आणि रास्पबेरी पायसारख्या तळहाताएवढ्या संगणकावरही ते चालतात.

बँकेत जशा क्रमांक लावलेल्या खिडक्या असतात, तशा संगणकालाही क्रमांकाच्या खिडक्या असतात. त्यांना पोर्ट म्हणतात. साध्या वेब पानांसाठी पोर्ट ८०, सुरक्षित वेब पानांसाठी ४४३ आणि दूरवरून संगणकाचा कारभार करण्यासाठी, म्हणजे एसएसएचसाठी, २२ असे क्रमांक ठरलेले आहेत. घराच्या प्रवेशद्वाराशी राऊटर बसलेला असतो. बाहेरून कोणी हाक मारली तर एरवी राऊटर तिची दखल घेत नाही. वेब सर्व्हर चालवायचा तर "अमुक खिडकीवर आलेला माणूस आतल्या अमुक संगणकाकडे पाठव" असे राऊटरला सांगावे लागते. यालाच पोर्ट फॉरवर्डिंग म्हणतात. धोका सुरू होतो तो या ठिकाणी.

"आमच्या घरी कोण येणार?"

पुष्कळांचे म्हणणे असे की, आमच्या संकेतस्थळावर कौटुंबिक छायाचित्रे आणि चार कविता, त्यावर कोण हल्ला करणार? हा युक्तिवाद चुकीचा आहे. हल्ला करणारा आपले नाव वाचून येत नाही. तो माणूसही नसतो, तर प्रोग्राम असतो. इंटरनेटवरचे जुन्या पद्धतीचे पत्ते एकूण सुमारे ४२९ कोटी. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये झेडमॅप नावाचा प्रोग्राम प्रसिद्ध केला. एका साध्या संगणकावरून आणि वेगवान जोडणीवरून जगातील हे सर्व पत्ते ४५ मिनिटांच्या आत ठोठावून पाहता येतात, हे त्यांनी दाखवून दिले. तेव्हा आपली खिडकी उघडल्यावर थोड्याच वेळात कोणीतरी ती हलवून पाहणार, हे गृहीत धरावयास हवे.

आणि आत येऊन त्याला आपल्या कविता नको असतात, त्याला आपले यंत्र हवे असते. २०१६ साली मिराई नावाच्या प्रोग्रामने जगभरातील घरगुती कॅमेरे आणि राऊटर लाखांच्या संख्येने ताब्यात घेतले. त्याची युक्ती अगदी साधी होती. कारखान्यातून येणाऱ्या ठराविक नावांची आणि पासवर्डांची सुमारे साठ जोड्यांची यादी त्याच्याजवळ होती, ती तो एकामागून एक लावून पाहत असे. ज्यांनी मूळ पासवर्ड बदलला नव्हता त्यांची यंत्रे त्याच्या फौजेत सामील झाली. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी या फौजेने डिन या अमेरिकन कंपनीवर हल्ला केला आणि ट्विटर, नेटफ्लिक्स यांसारखी मोठी संकेतस्थळे काही तास असंख्य लोकांना दिसेनाशी झाली. ज्यांच्या घरातून हा हल्ला झाला त्यांपैकी बहुतेकांना त्याचा पत्ताही लागला नसावा.

एका घरगुती सर्व्हरची किंमत

आपल्या हयगयीची झळ किती दूर पोहोचते याचे अधिक बोलके उदाहरण २०२२ मधील आहे. लास्टपास ही लोकांचे पासवर्ड सांभाळून ठेवणारी कंपनी. तिच्या साठ्याच्या किल्ल्या केवळ चार अभियंत्यांच्या हाती होत्या. चोरांनी कंपनीच्या इमारतीऐवजी त्यांपैकी एकाचे घर गाठले. त्याच्या घरच्या संगणकावर चित्रपट व गाणी साठवून घरभर दाखविणारा प्लेक्स हा मीडिया सर्व्हर होता. त्यातील ज्या दोषाचा फायदा घेण्यात आला, तो दोष कंपनीने मे २०२० मध्येच दुरुस्त केलेला होता. परंतु या अभियंत्याने नवी आवृत्ती घेतलीच नव्हती. दरम्यान सुमारे ७५ आवृत्त्या निघून गेल्या होत्या! चोरांनी त्या वाटेने संगणकात शिरून टंकलेखन टिपणारा प्रोग्राम बसविला, त्याचा मुख्य पासवर्ड मिळविला आणि अखेर ग्राहकांच्या तिजोऱ्यांच्या प्रती पळविल्या. घरच्या संगणकाचा हा तपशील कंपनीने फेब्रुवारी २०२३ मध्ये जाहीर केला.

यातून दोन धडे मिळतात. पहिला असा की, करमणुकीचा सर्व्हर आणि महत्त्वाचे काम एकाच यंत्रावर नसावे. दुसरा असा की, दुरुस्ती उपलब्ध असणे आणि ती आपल्या यंत्रावर बसविलेली असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याही घरात ज्या वायफायवर सर्व्हर आहे, त्याच वायफायवर बँकेचे व्यवहार करणारा मोबाइल असतो, मुलांची प्रमाणपत्रे असलेला लॅपटॉप असतो. सर्व्हरमध्ये शिरलेला मनुष्य तेथेच बसून राहील असे समजू नये.

प्रत्यक्ष काय करावे?

(१) आधी जोडणी तपासावी. अनेक इंटरनेट कंपन्या एकच बाहेरचा पत्ता अनेक घरांत वाटून देतात. राऊटरमध्ये दिसणारा बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ या आकड्यांनी सुरू होत असेल तर आपला पत्ता असा सामाईक आहे आणि पोर्ट फॉरवर्डिंग चालणार नाही. अशा वेळी स्वतंत्र पत्ता मागावा लागतो. तसेच घरगुती जोडणीवर सर्व्हर चालविण्यास कराराने मनाई नाही ना, हेही वाचून घ्यावे.

(२) सर्व्हरसाठी वेगळे यंत्र ठेवावे. ज्या संगणकावर घरचे हिशेब आणि कागदपत्रे आहेत त्यावर सर्व्हर चालवू नये. शक्य असल्यास राऊटरमध्ये वेगळे जाळे करून सर्व्हर घरच्या इतर यंत्रांपासून तोडावा. बँकेत काउंटर सर्वांसाठी खुला असतो, पण काउंटरच्या मागून थेट स्ट्राँगरूममध्ये जाता येत नाही, तसेच हे आहे.

(३) राऊटर नीट लावावा. राऊटरचा कारखान्यातून आलेला पासवर्ड प्रथम बदलावा. केवळ ८० आणि ४४३ हेच पोर्ट सर्व्हरकडे पाठवावेत. राऊटरमध्ये डीएमझेड नावाची एक सोय असते. ती चालू केली की सर्वच पोर्ट एका यंत्राकडे उघडे होतात. "काम होत नाही म्हणून डीएमझेड चालू करून पाहा" असा सल्ला कोणी दिला तर तो मानू नये. यूपीएनपी ही सोयही बंद ठेवावी, कारण तिच्यामुळे आतली यंत्रे आपल्याला न विचारता पोर्ट उघडून घेऊ शकतात. नव्या पद्धतीच्या आयपीव्ही६ पत्त्यांमध्ये प्रत्येक यंत्राला स्वतःचा जाहीर पत्ता मिळू शकतो, म्हणून राऊटरवरील आणि सर्व्हरवरील फायरवॉल दोन्ही पद्धतींसाठी चालू आहे याची खात्री करावी.

(४) कारभाराचा दरवाजा बाहेर उघडू नये. पाहुण्यांसाठी वेब पाने असतात, कारभार आपल्यासाठी असतो. विद्यापीठाच्या जाळ्यात पासवर्ड चोरले गेले, त्यानंतर फिनलंडमधील हेलसिंकी येथील टाटू युलोनेन यांनी १९९५ मध्ये एसएसएच निर्माण केले. त्यात पासवर्डाऐवजी किल्ल्यांची जोडी वापरता येते. एक किल्ली सर्व्हरवर राहते, ती कोणी पाहिली तरी बिघडत नाही. दुसरी खाजगी किल्ली फक्त आपल्या संगणकावर असते आणि ती कधीही कोणाला द्यावयाची नसते. किल्ली चालते याची खात्री झाल्यावर पासवर्डाने प्रवेश पूर्ण बंद करावा आणि रूट या सर्वाधिकारी खात्याला दूरवरून प्रवेश देऊ नये. पोर्ट २२ तर बाहेरून उघडूच नये. बाहेरगावाहून कारभार करावयाचा असेल तर वायरगार्डसारख्या खाजगी बोगद्याने आधी घरच्या जाळ्यात यावे आणि मग सर्व्हरकडे जावे. रास्पबेरी पायवर पूर्वी "पाय" हे नाव आणि "रास्पबेरी" हा पासवर्ड सर्वत्र एकच असे. एप्रिल २०२२ मध्ये हे ठराविक खाते काढून टाकण्यात आले. कोणाकडे त्याआधी बसविलेले जुने यंत्र असेल तर त्याचा पासवर्ड आजच पाहावा.

(५) पाने जितकी साधी तितकी सुरक्षित. संकेतस्थळाचे दोन प्रकार असतात. पहिल्यात पाने आधीच लिहून ठेवलेली असतात आणि सर्व्हर ती फक्त वाढून देतो. दुसऱ्यात, म्हणजे वर्डप्रेससारख्या व्यवस्थेत, प्रत्येक मागणीला प्रोग्राम चालतो, डेटाबेस उघडतो, प्लगइन काम करतात. दुसऱ्या प्रकारात सोय अधिक, पण दोष शिरण्याच्या जागाही अधिक. कौटुंबिक माहिती, लेख किंवा कार्यक्रमपत्रिका देण्यासाठी पहिला प्रकार पुरेसा आहे. वर्डप्रेस हवेच असेल तर मोजकीच प्लगइन ठेवावीत आणि न वापरलेली नुसती बंद न करता काढून टाकावीत.

(६) सर्व्हरला कमीत कमी अधिकार द्यावेत. वेब सर्व्हर साध्या खात्याखाली चालावा आणि त्याला फक्त पानांचा फोल्डर वाचता यावा. त्या फोल्डरमध्ये प्रसिद्ध करावयाच्या गोष्टींव्यतिरिक्त काहीही ठेवू नये. कित्येक ठिकाणी डेटाबेसची जुनी प्रत किंवा पासवर्ड लिहिलेली फाइल "तात्पुरती" म्हणून त्याच फोल्डरमध्ये राहते आणि मागेल त्याला मिळते. त्यासाठी कुलूप तोडण्याची गरजच पडत नाही.

(७) एचटीटीपीएस वापरावे. पूर्वी प्रमाणपत्रासाठी पैसे मोजावे लागत. लेट्स एन्क्रिप्ट या ना-नफा सेवेने डिसेंबर २०१५ पासून ते सर्वांना विनामूल्य उपलब्ध करून दिले. त्याची मुदत आरंभापासून ९० दिवसांची असून ती टप्प्याटप्प्याने आणखी कमी होणार असल्याचे जाहीर झाले आहे. म्हणून नूतनीकरण आपोआप होईल अशीच व्यवस्था करावी. मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी. हे प्रमाणपत्र वाटेवरच्या चोरापासून रक्षण करते, घरात शिरणाऱ्यापासून नव्हे. कुलपाचे चित्र दिसले म्हणजे सर्व्हर सुरक्षित झाला, असे समजणे भ्रामक होय.

(८) दुरुस्त्या वेळेवर बसवाव्यात. एप्रिल २०१४ मध्ये हार्टब्लीड हा दोष उघडकीस आला. ज्या ओपनएसएसएल प्रोग्रामवर जगातील असंख्य सर्व्हर सुरक्षेसाठी विसंबून होते, त्यातच तो दोष दोन वर्षे दडून राहिला होता. बाहेरच्या माणसाला सर्व्हरच्या स्मृतीचा तुकडा वाचता येत असे आणि त्यात पासवर्ड किंवा किल्ल्याही असू शकत. ज्यांनी सारे काही काळजीपूर्वक केले होते तेही यात सापडले. अशा प्रसंगी दुरुस्ती ताबडतोब बसविणे आणि किल्ल्या बदलणे हाच उपाय असतो. डेबियन व उबुंटू या प्रणालींमध्ये सुरक्षा दुरुस्त्या आपोआप बसविण्याची सोय आहे, ती चालू ठेवावी. ज्या प्रणालीला दुरुस्त्या मिळणे बंद झाले आहे, ती सर्व्हरसाठी वापरू नये. राऊटरलाही दुरुस्त्या लागतात, हे बहुतेक जण विसरतात.

(९) प्रती ठेवाव्यात. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर आणि त्यांपैकी एक घराबाहेर, हा जुना नियम उत्तम आहे. प्रतीची डिस्क सर्व्हरला कायम जोडून ठेवू नये, नाहीतर शिरलेला चोर मूळ प्रतीबरोबर तीही नष्ट करील. शिवाय प्रत परत उघडते की नाही हे अधूनमधून करून पाहावे. न तपासलेली प्रत म्हणजे न मोजलेली रोकड होय. वीज अचानक गेली की साठवण बिघडते, म्हणून लहानसा यूपीएसही असावा.

(१०) नोंदवही वाचावी. सर्व्हर प्रत्येक मागणीची नोंद ठेवतो. बँकेत दिवसाचा ताळमेळ लागल्याशिवाय कोणी घरी जात नाही. घरच्या सर्व्हरसाठी आठवड्यातून पंधरा मिनिटे पुरतात. आपल्याकडे वर्डप्रेस नसतानाही त्याचे प्रवेशपान मागणाऱ्या नोंदी दिसतील. त्यांना घाबरू नये, तो दार हलवून पाहणारा प्रोग्राम आहे आणि त्याला "सापडले नाही" असे उत्तर मिळाले आहे. मात्र आपण न केलेला प्रवेश, अनोळखी खाते, रात्रभर चाललेली अवजड वाहतूक किंवा विनाकारण तापलेले यंत्र दिसले तर चौकशी करावी.

काय ठेवू नये?

सुरक्षिततेचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे मौल्यवान वस्तू तेथे न ठेवणे. आधार कार्डाच्या प्रती, पासबुकाची पाने, जातीचे दाखले, वैद्यकीय अहवाल या गोष्टी वेब सर्व्हरवर नसाव्यात. पुष्कळदा मंडळाचा किंवा गृहनिर्माण संस्थेचा एखादा उत्साही कार्यकर्ता सभासदांची नावे, दूरध्वनी आणि वर्गणीची नोंद आपल्या घरच्या सर्व्हरवर ठेवतो. हेतू चांगला असतो. पण आपली स्वतःची माहिती आपण धोक्यात घालणे वेगळे आणि दोनशे कुटुंबांची घालणे वेगळे. एखाद्या विधवेचा दूरध्वनी क्रमांक किंवा एखाद्या विद्यार्थ्याचा दाखला फसवणूक करणाऱ्याच्या हाती पडला, तर त्याची भरपाई माफी मागून होत नाही. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम २०२३ मध्ये संमत झाला असून त्याच्या तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. व्यक्तीने निव्वळ वैयक्तिक किंवा घरगुती कामासाठी केलेला वापर या कायद्यातून वगळला आहे, परंतु सभासदांची यादी ही घरगुती बाब म्हणता येणार नाही.

शिरकाव झालाच तर

प्रथम नेटची वायर काढावी. दुसऱ्या, विश्वासाच्या यंत्रावरून महत्त्वाचे पासवर्ड बदलावेत. बिघडलेली प्रणाली साफसूफ करून पुन्हा वापरण्याचा मोह टाळावा. चोराने मागे कोणती किल्ली ठेवली आहे हे कळत नाही, म्हणून ती पूर्ण पुसून नव्याने बसवावी आणि शिरकावापूर्वीच्या प्रतीवरून पाने परत आणावीत. ज्यांची माहिती त्यावर होती त्यांना लगेच सांगावे. लाज वाटते म्हणून लपवू नये, कारण वेळीच कळले तर ते स्वतःला वाचवू शकतात. आर्थिक फसवणूक झाली असल्यास १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर विनाविलंब कळवावे.

समारोप

एवढे सगळे वाचून कोणी म्हणेल की, मग घरी सर्व्हर चालवूच नये. तसे मुळीच नाही. ज्याला आठवड्याला थोडा वेळ देता येईल त्याने अवश्य चालवावा. ज्याला तेवढाही वेळ नाही, त्याने आपली पाने एखाद्या चांगल्या होस्टिंग सेवेकडे ठेवावीत, त्यात कमीपणा नाही. शिकण्यासाठी सर्व्हर फक्त घरच्या जाळ्यात, बाहेर एकही पोर्ट न उघडता चालविता येतो. नवशिक्या मुलांनी सुरुवात तेथूनच करावी.

सुरक्षितता म्हणजे विकत आणलेली वस्तू नव्हे, ती सवय आहे. महागडे यंत्र घेऊन दुर्लक्ष करणाऱ्यापेक्षा जुन्या संगणकावर दोनच खिडक्या उघडून त्यांची नीट राखण करणारा अधिक सुरक्षित असतो. म्हणून नियम एकच लक्षात ठेवावा : जेवढे सांभाळता येईल तेवढेच उघडावे, आणि जे उघडले ते रोजचे समजून सांभाळावे. आपल्या घरातील मुले या मार्गाने जाऊ इच्छित असतील तर त्यांना अडवू नये. त्यांच्या शेजारी बसून राऊटरचा पासवर्ड बदलण्यापासून आरंभ करावा, हीच वाचक बंधू-भगिनींना विनंती.